बिनसनदेचे वतनदार

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर यवत मागे टाकून भांडगावच्या शिवारात शिरले, की उजव्या हाताला किंचित मागे भुलेश्वराचा डोंगर दिसतो. मुरार जगदेवाने बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे भग्न अवशेष आणि त्यांच्या आत दडलेले यादवकालीन शिल्पवैभव पाहण्यासाठी लोक तेथे जातात. परंतु गेल्या काही वर्षांत हिवाळ्यातल्या सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवलेली एक निराळीच यात्रा त्या घाटात उभी असलेली आढळते, आणि तिची नजर देवळाकडे नसून खालच्या माळांवर घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांवर असते. मोरघार, सापमार गरुड, तीसा, खरुची, तुरमती आणि मध्य आशियातून उतरलेले भोवत्ये एवढा गोतावळा एका डोंगराच्या पायथ्याशी का जमतो, या प्रश्नाचे उत्तर अरण्याच्या वैभवात शोधू गेल्यास हाती काही लागत नाही, कारण येथे अरण्य नाहीच. येथे आहे ते शतकानुशतके नांगरलेले, चारलेले, खणलेले आणि अलीकडे भिजवलेले मनुष्याचे शिवार.

दिवाळीच्या आगेमागे, रब्बीच्या ज्वारीसाठी जमिनीची मशागत चालू असताना, बांधावर तासभर बसून पाहावे. फाळाने ढेकूळ उलथले की उंदरांची बिळे उघडी पडतात, हुमणीच्या अळ्या आणि नाकतोडे उजेडात येतात, आणि पूर्वी बैलांच्या व आता ट्रॅक्टरच्या मागे बगळे, कोतवाल व साळुंक्यांची जी रांग लागते, तिच्या डोक्यावर घारी संथपणे फिरू लागतात. शेजारच्या तारेवर कापशी बसलेली असते, आणि खरुची तर वाऱ्यावर एका जागी टांगल्यासारखी पंख फडफडवत खालच्या तासावर डोळा रोखून असते. गावगाड्यात बारा बलुतेदारांचा वाटा खळ्यावर मोजून दिला जात असे, तसा या तेराव्याचा वाटा कोणी मोजत नाही. तो आपण होऊन घेतो, आणि घेताना धान्याला शिवत नाही. मात्र त्याच्या वतनाला सनद नाही, एवढा एक फरक. आणि तो किती महागात पडतो, ते पुढे येईलच.

या पक्ष्यांना आपण पूर्वी निराळ्या नात्याने ओळखत होतो. बाज, बहिरी, शाहीन, शिक्रा, तुरमती ही सारी नावे मीरशिकाऱ्यांच्या दफ्तरातून, म्हणजे राजेरजवाड्यांच्या मुठीवर बसून आपल्या भाषेत आली. दरबारच्या कामाचा होता त्याला नाव मिळाले. गरीब शेतकऱ्याच्या बांधावर उंदीर मारीत बसणाऱ्या कापशीचे नाव मात्र तिच्या कापसासारख्या पोटावरून शेतकऱ्यानेच ठेवले असावे, असे मला आपले वाटते.

या शिवाराचे खरे रूपांतर पाण्याने केले. खडकवासल्याचे धरण 1879 साली पुरे झाले आणि मुठा उजव्या कालव्याचे पाणी पाटसच्या दिशेने वाहू लागले, तेव्हा ज्या भीमथडीची ख्याती काटक तट्टांसाठी होती, तिची ओळख हळूहळू ऊस आणि गुऱ्हाळे अशी झाली. आज रस्त्याच्या उत्तरेला नदीकाठापर्यंत बागाईत, तर दक्षिणेला खोर-सुप्याकडे चढत जाणारे जिराईत आणि माळ, असे दोन देश शेजारी शेजारी नांदतात. उसाचे पीक वर्ष-दीड वर्ष उभे राहते, खालची जमीन ओली व सावलीची असते, कोणी ढवळत नाही, आणि गोड कांडे तर सदैव तयार. उंदीर-घुशींना याहून सुरक्षित इनाम गाव कोणते मिळणार? परंतु कारखान्यांचा हंगाम सुरू झाला आणि तोडणीची टोळी फडात शिरली, की हे राज्य एका दिवसात कोसळते. फड आकसत जातो तसतसे उंदीर शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात, आणि बांधावरच्या बाभळींवर शिक्रे-घारी येऊन बसतात. पुढे पाचट पेटवले, की धुराचा लोट पाहून दूरदूरच्या घारी ज्वाळांच्या कडेने सूर मारू लागतात. उत्तर ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी तर असे सांगतात की घारी जळती काटकी चोचीत किंवा नखांत उचलून नव्या गवतावर टाकतात व आग स्वतःच पुढे नेतात. आपल्याकडील घारीवर अद्याप तो आरोप नाही. तिला पेटवून देणारे पुष्कळ आहेत. पाचट जाळणे जमिनीच्या दृष्टीने तोट्याचेच, हे कृषिखाते कित्येक वर्षे सांगत आले आहे, तेव्हा घारीची ही मेजवानी चालू राहावी अशी शिफारस मी करणार नाही.

खेड्यांत वीज आली तिने उजेड तर दिलाच, शिवाय वृक्षहीन माळाला बैठकीही दिल्या. जेथे मैलभर उंच झाड नव्हते तेथे खांब व तारा आल्या, आणि टेहळणीसाठी उंच जागा शोधणाऱ्या कापशीला सारे रान खुले झाले. उंदीर मुबलक असले तर ती वर्षातून एकाहून अधिक वेळा पिले वाढवते. लग्गड ससाण्यासारखे पक्षी उच्चदाबाच्या मनोऱ्यांवरील कावळ्यांची जुनी घरटीही वापरतात. याच तारांवर मोठ्या पंखांचे पक्षी विजेच्या धक्क्याने मरतात, हाही जमाखर्चाच्या त्याच पानावरील आकडा आहे. रात्रपाळीला पिंगळा आणि गव्हाणी घुबड. या दुसऱ्याच्या नावातच गव्हाण आहे. गोठा, पडका वाडा, देवळाचा सांदीकोपरा हेच त्याचे घर. इस्रायलच्या शेतकऱ्यांनी 1980 च्या दशकापासून याच जातीच्या घुबडांसाठी शेतांत लाकडी पेट्या उभारल्या, आणि पुढे जॉर्डनच्या शेतकऱ्यांनीही तो उपक्रम उचलला. आपण त्याला अशुभ ठरवून हाकलतो आणि उंदरांसाठी दुकानातून विष आणतो. विष खाऊन लटपटणारा उंदीर घुबडाला सहज सापडतो, आणि ब्रोमॅडिओलोनसारखे औषध असेल तर ते त्याच्याही पोटात जाते. शत्रू आणि चाकर एकाच पुडीत मारण्याची ही अजब किफायत होय.

घारीची गोष्ट सरळ आहे. शिरूर-दौंड भागात कुक्कुटपालन वाढले, शेडमागे मेलेल्या कोंबड्या व आतड्या पडू लागल्या. पुणे शहराने आपला कचरा उरुळी-फुरसुंगीच्या वाटेला लावला. घार दोन्हीकडे हजर झाली. दिल्लीत तर घारींची वस्ती इतकी दाट आहे, की उघडा कचरा आणि जुन्या वस्त्यांत श्रद्धेने उधळले जाणारे मांसाचे तुकडे यांचा व घरट्यांच्या संख्येचा संबंध अभ्यासकांनी तपासून पाहिला आहे.

परंतु मनुष्याच्या आश्रयाने पोसलेल्या पक्ष्यांत सर्वांत मोठा मानकरी होता गिधाड, आणि त्याचेच वतन सर्वांत निष्ठुरपणे खालसा झाले. ज्या देशात मेलेले जनावर बहुधा खाल्ले जात नव्हते, गावाबाहेर ओढून टाकले जात होते, त्या देशात गिधाडे कोट्यवधींनी असावीत यात नवल नव्हते. मग 1990 च्या दशकात दुखऱ्या जनावरांना डायक्लोफेनॅक टोचण्याची प्रथा पडली. ते औषध अंगात असलेले कलेवर खाल्ल्यावर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे 2004 साली सिद्ध झाले आणि 2006 साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरात एकही उरली नव्हती. कोणी त्यांना मारावयास निघाले नव्हते. गाईची वेदना कमी व्हावी, एवढाच हेतू होता.

म्हणून मनुष्याचा फायदा पक्ष्यांना होतो असे सरसकट म्हणताना माझी लेखणी अडखळते. उंदीर, उकिरडा आणि उघडी जमीन यांवर जगू शकणाऱ्यांचा फायदा होतो; ज्याला गवतच हवे त्याचा होत नाही. भोवत्या हा असा गवताचा पाईक आहे. युरोपात माँटेग्यूचा भोवत्या गव्हाच्या उभ्या पिकात जमिनीवर घरटे करतो, आणि कापणीच्या यंत्राखाली पिले जाऊ नयेत म्हणून स्वयंसेवक घरट्याभोवती कुंपण घालतात. आपल्याकडे तो हिवाळ्यात नाकतोडे खायला येतो, तेव्हा त्याला लागतो तो मेंढपाळांच्या कळपांनी राखलेला आखूड गवताचा माळ. पण महसुली दफ्तरात या माळाला ‘पड’ म्हणतात, आणि जे पडीक आहे त्याचे काहीतरी केलेच पाहिजे असे सरकारला व सावकाराला सारखेच वाटते. मग कोठे चर खणून झाडे लावली जातात, कोठे भूखंड पडतात, कोठे औद्योगिक वसाहत येते. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तेथे केलेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी झाले आणि सरड्यांची संख्या वाढली. स्वच्छ विजेविरुद्ध माझी तक्रार नाही. पण पठार रिकामे होते, असे कोणी म्हणू नये.

बारामती तालुक्यात सुप्याजवळ 1997 साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरांचे आहे, आणि चिंकाऱ्यांसाठी राखलेल्या त्या तुकड्यावर भोवत्यांचे भागत नाही. त्यांचे भागते ते अभयारण्याबाहेरच्या गायरानांवर, हंगाम संपलेल्या शेतांवर, धनगरांच्या वाटांवर, ज्यांच्या रक्षणाचा कोणताही कागद कोणत्याही कचेरीत नाही. तेव्हा या हिवाळ्यात भुलेश्वरी गेलात, तर संध्याकाळी छायाचित्रासाठी माळात गाडी घालू नका. भोवत्ये झाडावर झोपत नाहीत. दिवस मावळताच ते त्या गवतात, जमिनीवरच, रात्रीपुरते उतरलेले असतात.