न संपलेलं युद्ध: कोरियाच्या सीमेबद्दलचे सहा गैरसमज

'उत्तर कोरियाने पुन्हा क्षेपणास्त्र डागलं' ही बातमी आली की घरोघरी दोनच प्रतिक्रिया उमटतात. 'आता युद्ध पेटणार' ही एक आणि 'त्या माणसाचं डोकंच फिरलंय' ही दुसरी. दोन दिवसांनी बातमी विरते आणि आपणही विसरतो. पण सीमेवरचा तणाव म्हणजे काय, हे आपल्या देशातल्या लोकांनी तरी इतक्या वरवर पाहू नये. कोरियात दोन वैरी शेजारी सत्तर वर्षांहून अधिक काळ समोरासमोर उभे आहेत. कुरापत कशी काढली जाते, ती कशी चिघळते आणि कशी आवरली जाते, हे तिथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

गैरसमज १: कोरियन युद्ध १९५३ मध्ये संपलं.

वस्तुस्थिती: संपला तो गोळीबार. २५ जून १९५० रोजी सुरू झालेलं हे युद्ध २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम इथे युद्धविरामावर सह्या होऊन थांबलं. वाटाघाटींना दोन वर्षं लागली. त्यातला बराच काळ एकाच प्रश्नावर गेला: ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परतायचं नाही, त्यांचं काय करायचं? अखेर दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतर्फे विल्यम हॅरिसन आणि उत्तरेतर्फे नाम इल यांनी एकमेकांशी शब्दही न बोलता सह्या केल्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हा युद्धविराम मान्य नव्हता, त्यामुळे त्यांच्या देशाची सही त्यावर नाहीच. पुढे राजकीय परिषद घेऊन कायमचा तोडगा काढायचा, असं ठरलं होतं. १९५४ मध्ये जिनिव्हात परिषद झाली, पण निष्फळ ठरली. शांतता करार आजतागायत झालेला नाही.

गैरसमज २: दोन्ही कोरियांची सीमा म्हणजे ३८ अंश अक्षांश.

वस्तुस्थिती: ती १९४५ ची रेषा. जपानच्या शरणागतीच्या वेळी अमेरिकेने नकाशावर आखलेली आणि सोव्हिएत रशियाने मान्य केलेली. आजची रेषा युद्ध थांबलं तेव्हा सैन्यं जिथे होती तिथून जाते, म्हणून ती तिरकी आहे. पश्चिमेला ३८ अंशांच्या खाली उतरते, पूर्वेला वर चढते. युद्धापूर्वी दक्षिणेत असलेलं केसोंग शहर त्यामुळे उत्तरेत गेलं आणि उत्तरेतलं सोकचो दक्षिणेत आलं.

या रेषेवर भिंत किंवा कुंपण असेल, असं आपल्याला वाटतं. कुंपणं आहेत, पण ती रेषेपासून दूर, तिच्या दोन्ही बाजूंच्या निर्लष्करी पट्ट्याच्या कडांना. प्रत्यक्ष रेषेवर उभे आहेत १,२९२ पिवळे फलक, त्यातले कितीतरी गंजलेले. दक्षिणेकडच्या बाजूला मजकूर कोरियन आणि इंग्रजीत, उत्तरेकडच्या बाजूला कोरियन आणि चिनीत. युद्ध कोणाकोणात झालं, हे त्या एकेका पत्र्यावर वाचता येतं.

समुद्रात तर तेवढीही खूण नाही. पश्चिम समुद्रातली 'उत्तर मर्यादा रेषा' संयुक्त राष्ट्रांच्या सेनेने नंतर आपल्या बाजूने आखली, युद्धविरामात ती नव्हती. उत्तर कोरिया ती मानत नाही. १९९९, २००२ आणि २००९ मध्ये आरमारी चकमकी झाल्या त्या याच पाण्यात. जिथे रेष दोघांनी मिळून ओढलेली नसते, तिथे रक्त अधिक सांडतं.

गैरसमज ३: निर्लष्करी पट्ट्यात सैन्य नसतं.

वस्तुस्थिती: रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर, असा हा चार किलोमीटर रुंद आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांब पट्टा. नावात 'निर्लष्करी' असलं तरी त्यात पहारा चौक्या उभ्या राहिल्या, सुरुंग पेरले गेले आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना प्रचंड फौजा तैनात झाल्या. १९७४ ते १९९० या काळात दक्षिणेला उत्तरेने खोदलेले चार बोगदे सापडले. त्यातला तिसरा जमिनीखाली सुमारे ७३ मीटरवर आणि दीड किलोमीटरहून लांब. ती कोळशाची खाण आहे, असं उत्तरेने सांगितलं, पण तो खडक कोळशाचा नव्हताच.

आणि सोल शहर या पट्ट्यापासून पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. दक्षिण कोरियाची जवळपास निम्मी लोकसंख्या राजधानीच्या परिसरात राहते. उत्तरेचा धाक अणुबॉम्बच्या कितीतरी आधीपासून आहे, तो या अंतरामुळे.

गैरसमज ४: कुरापती म्हणजे एका माथेफिरू हुकूमशहाची लहर.

वस्तुस्थिती: उत्तरेच्या आगळिकी भीषण आहेत. २६ मार्च २०१० रोजी दक्षिणेची 'चोनान' युद्धनौका बुडाली आणि ४६ नौसैनिक गेले. आंतरराष्ट्रीय तपासात उत्तरेच्या पाणतीराचा निष्कर्ष निघाला, उत्तरेने तो नाकारला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला योनप्योंग बेटावर तोफगोळे पडले, दोन सैनिक आणि दोन नागरिक मारले गेले. या कृत्यांचं समर्थन होऊच शकत नाही.

पण त्यांना वेडेपणा म्हटलं की विचारच थांबतो. जागा बहुधा वादग्रस्त समुद्राची, निमित्त बहुधा लष्करी सरावाचं किंवा सीमेपार सोडलेल्या पत्रकांचं, आणि मारा इतकाच की घाव बसावा पण सर्वंकष युद्ध पेटू नये. यात हिशेब आहे. दक्षिणेतल्या काही गटांनी फुग्यांतून उत्तरेत पत्रकं सोडली, म्हणून जून २०२० मध्ये उत्तरेने केसोंगचं संपर्क कार्यालय स्फोटाने उडवलं. २०२४ मध्ये उलट उत्तरेकडून कचऱ्याने भरलेले फुगे आले. दक्षिणेने सीमेवर प्रचाराचे ध्वनिक्षेपक सुरू केले, उत्तरेने कर्कश आवाज सोडले आणि सीमेलगतच्या गावकऱ्यांची झोप उडाली. ज्या गावकऱ्यांनी कोणाची खोडी काढली नव्हती, शिक्षा मात्र त्यांनाच.

गैरसमज ५: ठिणगी पडली की वणवा अटळ असतो.

वस्तुस्थिती: एका झाडाची गोष्ट सांगतो. पानमुनजोमच्या संयुक्त सुरक्षा क्षेत्रात एक पॉप्लर वाढलं होतं. त्याच्या फांद्यांआड संयुक्त राष्ट्रांच्या सेनेची एक चौकी दिसेनाशी झाली होती. १८ ऑगस्ट १९७६ रोजी फांद्या छाटायला तुकडी गेली. उत्तरेच्या सैनिकांनी हरकत घेतली, बाचाबाची झाली, आणि छाटणीसाठी नेलेल्या कुऱ्हाडींनीच दोन अमेरिकी अधिकारी मारले गेले. तीन दिवसांनी अमेरिका आणि दक्षिण कोरियाने ते झाड पूर्ण तोडलं, डोक्यावर बी-५२ बॉम्बफेकी विमानांचा पहारा ठेवून. जगाने श्वास रोखला होता. पण युद्ध पेटलं नाही. उत्तरेचे तेव्हाचे नेते किम इल सुंग यांनी खेद व्यक्त केला.

त्यानंतर घडलं ते अधिक महत्त्वाचं. तोवर त्या क्षेत्रात दोन्हीकडचे सैनिक मिसळून वावरत. पुढच्याच महिन्यात दोन्ही बाजूंनी बसून ते क्षेत्र विभागायचं ठरवलं. तिथल्या निळ्या बराकींच्या मधून गेलेला काँक्रीटचा बुटका कठडा हे त्याचं फळ. २७ एप्रिल २०१८ रोजी उत्तरेचे नेते किम जोंग उन आणि दक्षिणेचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन हातात हात घालून ओलांडून गेले, तो हाच कठडा.

ऑगस्ट २०१५ मध्ये सुरुंगाच्या स्फोटात दक्षिणेचे दोन सैनिक जायबंदी झाले, तोफा धडाडल्या. मग पानमुनजोमला ४३ तास बोलणी चालली. उत्तरेने खेद व्यक्त केला, दक्षिणेने ध्वनिक्षेपक बंद केले. ऑक्टोबरमध्ये दुरावलेल्या कुटुंबांच्या भेटीही झाल्या. ठिणग्या विझवता येतात, पण त्या विझवायला कोणाला तरी बोलणी करायला बसावं लागतं.

गैरसमज ६: करार म्हणजे नुसता कागद, आणि आपला याच्याशी संबंध काय?

वस्तुस्थिती: सप्टेंबर २०१८ च्या लष्करी कराराने सीमेलगतचे तोफांचे सराव थांबवले, विमानांना मज्जाव केला, दोन्हीकडच्या काही चौक्या पाडायला लावल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरेने हेरगिरी उपग्रह सोडला. दक्षिणेने कराराचा एक भाग स्थगित केला, उत्तरेने पूर्ण करारच झुगारला. ५ जानेवारी २०२४ ला योनप्योंगजवळच्या समुद्रात उत्तरेचे दोनशेहून अधिक तोफगोळे पडले आणि बेटावरच्या लोकांना आश्रयस्थानांत जावं लागलं. कागदाची किंमत तो फाटल्यावर कळली.

आणि संबंध म्हणाल तर, युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांची राखण भारतीय सैन्याने केली. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि रक्षक दलाचे प्रमुख कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना दक्षिणेच्या भूमीवर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं गेलं. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पळवून छावणीत डांबलं. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह आत गेले, कैद्यांशी बोलले आणि त्याला सोडवून घेऊन आले. एका मराठी सेनापतीने तिथे धैर्य दाखवलं ते संयमाच्या रूपात. हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

असाच संयम पुढेही दिसला: जून २०२५ मध्ये दक्षिणेच्या नव्या सरकारने ध्वनिक्षेपक बंद केले. दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडचा आवाजही थांबला. कोणाला तरी पहिलं पाऊल मागे घ्यावं लागतं, आणि ते घेणारा भित्रा नसतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. कोणत्याही सीमेवरची चकमक बातम्यांत आली, तर कोणी किती जोरात दम दिला हे मोजू नका. दोन्ही बाजू बोलताहेत का, एवढंच आधी विचारा. एप्रिल २०२३ मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेचे फोन घेणं बंद केलं. दक्षिणेचे अधिकारी त्यानंतरही सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला फोन लावत राहिले. पलीकडे घंटा वाजत राहिली. त्या सीमेवरची सगळ्यात चिंतेची बातमी तीच होती.