बापलेक चालले लडाखला

उन्हाळ्यात पुष्कळ लोक मोटारसायकलवरून लडाखला जातात. कधी दोघे मित्र असतात, तर कधी बाप आणि कर्ता मुलगा. समजा, आपल्या गावचे असेच बापलेक निघाले. त्यांनी वाटेत काय जपावे, ते पाहू.

लडाख हिमालयाच्या पलीकडे आहे. हिवाळ्यात खिंडींत बर्फ पडतो आणि मनाली-लेह रस्ता बंद होतो. बर्फ काढून तो मे-जूनच्या सुमारास खुला करतात. त्या वेळी आपल्याकडे पावसाचे दिवस येतात, पण लडाख कोरडेच असते. असे का? हिमालय ढग अडवतो. आपला सह्याद्रीही तेच करतो. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि माण-खटावची माणसे आभाळाकडे बघत राहतात. तसेच हे.

आता उंचीचे पाहू. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे 5,400 फूट. मनालीहून लेहला जाताना तांगलांग ला नावाची खिंड लागते. ती सुमारे 17,480 फूट उंच आहे. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी ही खिंड वरच!

इतक्या उंचीवर हवा विरळ असते. कडब्याची गंजी आठवा. तळाच्या पेंढ्या वरच्या भाराने दाबून बसतात. वरच्या पेंढ्या मोकळ्या असतात. हवेचेही तसेच आहे. समुद्रकाठी एका श्वासात जेवढी हवा मिळते, तिच्या जेमतेम निम्मी या खिंडीत मिळते.

हवा कमी पडली, की इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही. गाडीचा जोर कमी होतो. जुनी कार्बुरेटरची गाडी काळा धूर ओकते. माणसाचेही असेच होते. डोके दुखते, मळमळते, जेवण नको वाटते, झोप लागत नाही. हा उंचीचा आजार. तो वय बघत नाही. धडधाकट तरुणालाही तो गाठतो.

यावर मुख्य उपाय म्हणजे हळूहळू चढणे. डॉक्टर सांगतात, 10,000 फुटांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात दीड हजार फुटांहून जास्त वाढवू नये. मनालीच्या वाटेने हे जमत नाही. केलाँग सुमारे 10,100 फुटांवर आहे आणि पुढचा सरचूचा मुक्काम एकदम 14,000 फुटांवर. तिथे रात्री त्रास झाला तर? खाली उतरायला आधी वर चढावे लागते. मागे बारालाचा ला, पुढे आणखी उंच खिंडी. माणूस मध्येच अडकतो.

म्हणून जाताना श्रीनगरहून जावे. श्रीनगर 5,200 फूट, कारगिल 8,800 फूट, लेह 11,500 फूट. पायरी पायरीने चढ होतो. लेहला दोन दिवस विसावा घ्यावा. येताना मनालीने यावे. तोवर अंगाला सवय झालेली असते. वाटेतले नाले सकाळी ओलांडावेत. दुपारी उन्हाने बर्फ वितळतो आणि पाणी चढते. दारू मुळीच घेऊ नये. दमा, हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुलाचे डोके दुखते, पण त्याला वाटते, 'आबांच्या देखत कसं सांगू?' आबांना मळमळते, पण त्यांना वाटते, 'पोरानं एवढा खर्च केलाय. माझ्यापायी त्याचा बेत का मोडू?' दोघेही गप्प बसतात. हे गप्प बसणेच घात करते.

तेव्हा रोज संध्याकाळी एकमेकांना विचारावे.

"आबा, डोकं दुखतंय का? जेवण गेलं का?"

"जरा जड वाटतंय, बघ."

"मग उद्या इथंच राहू. पुढं नको."

बरे वाटेपर्यंत आणखी वर चढू नये. त्रास वाढला तर खाली उतरावे. आणखी एक साधी परीक्षा आहे. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा माणूस भलतेच बोलत असेल, तर जिवाला धोका आहे. सकाळची वाट पाहू नये. आजाऱ्याला गाडी चालवू देऊ नये. मोटारीत घालून लगेच खाली न्यावे. प्राणवायू मिळाला तर द्यावा आणि दवाखाना गाठावा.

मागे फिरण्यात कमीपणा नाही. खिंड पुढल्या उन्हाळ्यातही तिथेच असते. बाप आणि लेक दोघेही सुखरूप घरी आले पाहिजेत.