आडनाव काय म्हणालात?

भाड्याच्या घरासाठी एजंटला फोन केला की बोलणं छान सुरू होतं. टू बीएचके आहे, हवेशीर आहे, पाणी चोवीस तास. मग प्रश्न येतात. फॅमिली ना? नॉनव्हेज खाता? आडनाव काय म्हणालात? आडनाव सांगितल्यावर क्षणभर शांतता, आणि 'मालकांशी बोलून कळवतो'. दोन दिवसांनी तुम्हीच फोन करता, तर 'अहो, ते कालच गेलं.'

यात कोणीही 'नाही' म्हटलेलं नसतं. मालक सोसायटीकडे बोट दाखवतो, सेक्रेटरी मालकाकडे, आणि एजंट दोघांकडे. तक्रार कोणाविरुद्ध करायची?

अमेरिकेत हेच काम कागदावर झालं. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग उत्तम, मग निळा, पिवळा, शेवटी लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट लाल. लाल म्हणजे कर्ज देणं जोखमीचं. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून भाव पडतो, आणि पडलेला भाव त्या लाल रंगाचा पुरावा ठरतो. अनेक खरेदीखतांत तर घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही, अशी अटच असे. अशा अटी न्यायालयांनी राबवू नयेत, असा निकाल १९४८ साली लागला. १९६८ च्या कायद्याने घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश पाहण्यावर बंदी आली. भेदभाव संपला नाही, पण तो पकडायची रीत बसली. सारख्याच पगाराची दोन माणसं, एक गोरा, एक काळा, त्याच एजंटकडे पाठवायची आणि उत्तरं ताडून पाहायची. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात अशीच पाहणी केली. तिथेही दलित आणि मुस्लीम घरइच्छुकांच्या वाट्याला नकार अधिक आला.

आपल्याकडे ही गोष्ट जुनीच आहे. अमेरिका-इंग्लंडात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या विश्रामगृहात उतरले. खरी ओळख कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी बागेत बसून काढला.

राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भाड्याच्या खाजगी घराचा नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. माझ्या मते ही फट बुजवायला स्वतंत्र कायदाच हवा.

तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारा: भाडेकरूंबद्दल आपला नियम काय? तो लेखी द्या, आणि इतिवृत्तात नोंदवा.