पाहुणा कीं रहिवासी? : पाइनवरील लॅपेट पतंगाची ओळख

पतंग म्हटला म्हणजे दिव्यावर झडप घालून प्राण देणारा जीव, एवढेंच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें उभें राहतें. कवींनीं त्याला प्रेमवेड्याची उपमा दिली, आणि गृहिणींनीं त्याला सकाळच्या केराबरोबर बाहेर लोटलें. परंतु युरोपांतील वनरक्षक दिव्यापाशीं आलेल्या एखाद्या पतंगाकडे निराळ्याच दृष्टीनें पाहतो. हा कोण, एवढें कळून त्याचें भागत नाहीं. हा येथला रहिवासी आहे कीं वाऱ्याबरोबर आलेला पाहुणा आहे, हेंही त्याला ठरवावें लागतें. आणि या निर्णयावर कधीं कधीं संबंध वनाचें भवितव्य अवलंबून असतें. ‘पाइन-ट्री लॅपेट’ नांवाचा पतंग हें याचें उत्तम उदाहरण होय.

पाइन हें सुईसारख्या पानांचें सूचिपर्णी झाड. आपल्या हिमालयांतील चीड त्याच जातीचा. या झाडावर पोसणाऱ्या सदरहू पतंगाचें वर्णन लिनीयसनें १७५८ सालीं केलें. ‘डेंड्रोलिमस पिनी’ हें त्याचें आजचें शास्त्रीय नांव. त्यांतील ‘पिनी’ म्हणजे पाइनचा. लॅपेट म्हणजे लोंबती झालर. या कुळांतील अळ्यांच्या दोन्ही अंगांस पायांच्या वर मांसल झालरी असतात, त्यांवरून हें नांव पडलें. हें कुळ आपल्याला अगदींच परकें नाहीं. त्यांतील एका भारतीय पतंगाच्या शास्त्रीय नांवांत चक्क ‘विष्णु’ विराजमान झाला आहे, आणि त्याची अळी एरंड, डाळिंब इत्यादि झाडांचीं पानें खाते.

पाइन-ट्री लॅपेट हा जर्मनी, पोलंड व त्यांच्या आसपासच्या देशांतील जुना रहिवासी आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र तो क्वचितच, समुद्र ओलांडून आलेला असा, आढळतो.

त्याला ओळखावें कसें? पतंग अंगानें जाड व केसाळ असतो. पंख पसरले असतां नराची रुंदी अडीच इंचांच्या आसपास भरते. मादी त्याहून मोठी असते. पुढील पंखांचा रंग करडा किंवा तपकिरी असून त्यांवर तांबूस रंगाचा रुंद, नागमोडी पट्टा असतो. प्रत्येक पुढील पंखावर एक लहान पांढरा ठिपका असतो, ही महत्त्वाची खूण. नराच्या मिशा पिसासारख्या असतात. परंतु रंग व्यक्तिगणिक इतका पालटतो कीं केवळ रंगावर विसंबून चालत नाहीं. ‘ओक एगर’ नांवाच्या पतंगालाही असाच पांढरा ठिपका असतो. मात्र त्याचा पट्टा पिवळसर असून तो मागील पंखांवरही उतरतो. पाइनवरच वाढणारा दुसरा पतंग म्हणजे ‘पाइन हॉक’. त्याचे पंख निमुळते व राखी रंगाचे असतात, आणि त्याच्या बिनकेसाळ अळीच्या शेपटीवर शिंग असतें. तेव्हां या दोघांना निराळें काढणें कठीण नाहीं.

एवढ्यानें पतंगाचें नांव ठरतें. त्याचें घर ठरत नाहीं. दिव्याकडे येतात ते मुख्यत्वेंकरून नर. असा एकटा नर सांपडला, तर तो शेजारच्या वनांत जन्मला कीं दूर देशाहून आला, हें त्याच्या पंखांवर लिहिलेलें नसतें. तें कळण्यासाठीं त्याच्या जीवनक्रमाकडे वळावें लागतें.

हा पतंग जून ते ऑगस्ट या काळांत उडतो. त्याला अन्न घेण्याजोगें तोंडच नसल्यामुळें त्याचें आयुष्य अल्प असतें, व तें वंशवृद्धींतच संपतें. मादी पाइनच्या सुयांवर, डहाळ्यांवर व सालीवर पुंजक्यांनीं अंडीं घालते. दोन-तीन आठवड्यांत अळ्या बाहेर पडतात आणि शरद ऋतूपर्यंत सुया कुरतडीत राहतात. थंडी पडूं लागली म्हणजे या अर्धवट वाढलेल्या अळ्या झाडावरून खालीं उतरतात, आणि खोडाच्या बुंध्याशीं पडलेल्या पाचोळ्यांत व शेवाळाखालीं अंगाची गुंडाळी करून सारा हिवाळा झोंपून काढतात.

मार्च-एप्रिलमध्यें जमीन उबदार होतांच त्या पुन्हां खोडावरून वर चढतात. आतां त्यांची भूक अनावर असते. आयुष्यांतील आहाराचा बहुतेक भाग याच काळांत उदरांत जातो. पूर्ण वाढलेली अळी सुमारें ३ इंच लांब होते. तिला डिवचलें असतां ती डोक्यामागील भाग वांकविते, आणि तेथें लपलेले गडद निळ्या केसांचे दोन पट्टे एकाएकीं उघडे पडतात. ही तिची सर्वांत निश्चित खूण होय. तिला हात मात्र लावूं नये. ज्यांच्या अंगाला सुरवंटाचे केस लागले असतील, त्यांना याचें कारण सांगावयास नको. पुढें ती फांदीवर किंवा खोडावर रेशमी कोष विणते. म्हणूनच जर्मन भाषेंत या पतंगाला पाइनवरील सूतकाती अशा अर्थाचें नांव आहे. चार-पांच आठवड्यांनीं कोषांतून पतंग बाहेर पडतो, आणि चक्र पूर्ण होतें. थंड प्रदेशांत यास कधीं दोन वर्षेंही लागतात.

एरव्हीं गांधीलमाशीच्या वर्गांतील सूक्ष्म कीटक, परोपजीवी माश्या, पक्षी व बुरशी त्यांची संख्या आटोक्यांत ठेवतात. परंतु रेताड जमिनीवर, एकाच जातीचीं झाडें मैलोगणती लावलेलीं असलीं आणि उन्हाळे कोरडे गेले, म्हणजे हें संतुलन बिघडतें. मग पाइनचीं वनें निष्पर्ण होतात. वडपिंपळाप्रमाणें पाइनला लवकर नवी पालवी फुटत नाहीं. सुयांबरोबर कळेही खाल्ले गेले, तर झाड वाळतें, आणि उरलेलें काम साल पोखरणारे भुंगे करतात. एकोणिसाव्या शतकांत प्रशियामध्यें या संकटाचा अभ्यास राट्झेबुर्ग या शास्त्रज्ञानें केला. वनांतील कीटकांवरील त्याचा ग्रंथ १८३७ पासून १८४४ पर्यंत प्रसिद्ध होत होता. त्याच शतकांत खोडांभोंवतीं चिकट लेपाचे पट्टे देण्याची रीत रूढ झाली. वसंतांत वर चढणारी अळी त्या पट्ट्याशीं अडकते. म्हणजे शत्रूचा दिनक्रम कळला, तेव्हांच त्याची वाट अडवितां आली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. २००४ सालीं स्कॉटलंडमध्यें इन्व्हरनेस परिसरांत या पतंगाचा एक नर सांपडला. एवढ्यावरून त्याला पाहुणा म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु पुढील वर्षांतही नर आढळूं लागले, शोध चालू राहिला, आणि २००९ सालीं तेथील पाइनच्या वनांत त्याची वीण होत असल्याचें निश्चित झालें. स्कॉटलंडला पाइनची वनें प्राणप्रिय असल्यामुळें ही गोष्ट सर्वांनीं गंभीरपणें घेतली. मादीच्या गंधासारखें कृत्रिम द्रव्य ठेवलेले सांपळे लावून नर मोजण्यांत येऊं लागले.

जर्मनीतील वनरक्षक तर हिवाळ्यांत झाडाखालचा पाचोळा चाळून झोंपलेल्या अळ्या मोजतात, व त्यावरून येत्या वसंतांतील धोक्याचा अंदाज बांधतात. पाहुण्याला शत्रू मानून फवारे सोडले, तर निरुपद्रवी कीटक व पक्ष्यांचें अन्न व्यर्थ नष्ट होतें. शत्रूला पाहुणा मानून डोळे मिटले, तर वन हातचें जातें. या दोन्ही चुका टाळावयाच्या, तर दिव्यावरच्या पतंगापाशीं न थांबतां झाडाच्या बुंध्याशीं वांकून पाहावें लागतें. पंख असलेला जीव कोठूनही उडून येऊं शकतो. परंतु पाचोळ्यांत गुंडाळी करून निजलेली अळी ही त्याच भूमीची रहिवासी असते.