रेंज फुल, नेट गायब

वाय-फायच्या चिन्हातल्या सगळ्या रेघा भरलेल्या, आणि पान मात्र उघडत नाही. "रेंज फुल आहे, मग नेट का नाही?" हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो, आणि उत्तर म्हणून बहुतेकांचा हात थेट राउटरच्या स्विचकडे जातो. पुष्कळदा तेवढ्याने काम होतंही. पण त्या रेघांचा अर्थ फार मर्यादित आहे. राउटरचा आवाज लॅपटॉपला ऐकू येतोय, एवढंच त्या सांगतात. त्यानंतर राउटरने लॅपटॉपची ओळख पटवून घ्यायची असते, त्याला पत्ता द्यायचा असतो, बाहेरचा रस्ता मोकळा असावा लागतो, संकेतस्थळाच्या नावाचे आकडे शोधून मिळावे लागतात आणि लॅपटॉपचं घड्याळसुद्धा बरोबर असावं लागतं. झाकण उघडल्यावर दोन-चार सेकंदांत हे सगळं पार पडतं. नेट बंद पडण्याचं मला फारसं नवल वाटत नाही. ते रोज चालतं याचं वाटतं.

या संवादाचे कान असतात लॅपटॉपच्या झाकणात. बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याच्या कडेला दोन चपट्या अँटेना बसवलेल्या असतात. तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली उतरतात आणि २२ बाय ३० मिलिमीटरच्या एका कार्डावर टिचकीच्या बटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. झाकण वर्षानुवर्षं उघडून-मिटून त्या बिजागरीत विरू शकतात. एका ठरावीक कोनात झाकण ठेवलं की रेंज येते आणि थोडं मागे नेलं की जाते, असं होत असेल तर दोष राउटरचा नाही, या वायरीचा. स्क्रीन किंवा कीबोर्ड बदलून आणल्यावर रेंज एकदम घटली असेल, तर उघडताना काढलेली टोकं परत नीट बसली नसण्याची शक्यता मोठी. दुकानदाराला तेवढं सांगितलं तरी काम पाच मिनिटांचं असतं.

राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा, म्हणजे साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी, स्वतःचं नाव हवेत पुकारत असतो. लॅपटॉप एकेका चॅनेलवर थांबून ते पुकारे ऐकतो आणि यादी तयार करतो. यादीत एकही नाव नसेल, तर एअरप्लेन मोड, वाय-फाय बंद करणारी कळ किंवा कार्डाचा ड्रायव्हर तपासायचा. शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि आपलंच दिसत नसेल, तर राउटर अशा चॅनेलवर असू शकतो जो आपल्या लॅपटॉपला ऐकूच येत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत व्यवहारात ११च वापरतात. तिकडून मुलाने किंवा भाचीने आणलेला लॅपटॉप आपल्याकडच्या १२ किंवा १३ नंबरला बहिरा असू शकतो. राउटरचं चॅनेल १, ६ किंवा ११ केलं की तो लगेच बोलू लागतो.

आता त्या आवाजाची ताकद बघा. घरातला राउटर साधारण १०० मिलिवॅटने, म्हणजे एका वॅटच्या दहाव्या भागाने, लहरी सोडतो. भिंती आणि कपाटं ओलांडून लॅपटॉपपर्यंत त्यातला अब्जावा भाग पोहोचला, तरी पान उघडतं. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की 'आरएसएसआय' नावाचा एक उणे आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे ठणठणीत. उणे ७० म्हणजे हाच अब्जावा भाग, आणि तरीही काम चालू. उणे ८०च्या खाली गेलं की ओढाताण सुरू. दर १० आकड्यांमागे ताकद दहापट घटते, हे लक्षात घेतलं की चार पावलं जवळ सरकण्याचं महत्त्व कळतं.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर भिंतीतून बरी जाते, आखूड लहर जास्त माहिती नेते पण लवकर थकते. पाण्याला या लहरी शोषून घ्यायला आवडतं, म्हणून भरलेली टाकी, फिश टँक आणि माणसांनी भरलेली खोली या तिन्ही गोष्टी अडथळाच. लोखंडी कपाट आणि आरशामागचा धातूचा मुलामा तर लहर परतवून लावतात. राउटर कपाटाच्या मागे किंवा टीव्हीच्या पाठीला ठेवलेला अनेक घरांत दिसतो, कारण तो दिसायला बरा नाही. माझं स्पष्ट मत आहे की राउटर दिसला पाहिजे. उंचावर, उघड्यावर, घराच्या मध्याजवळ.

परतलेल्या लहरींची गोष्ट तर विलक्षण आहे. सह्याद्रीत एखाद्या कड्यासमोर हाक मारली की ती दोन-तीनदा परत येते, आणि भरभर बोललं तर आपलेच शब्द एकमेकांत मिसळून काही कळेनासं होतं. खोलीत वाय-फायचं हेच होतं. एकच लहर थेट येते, भिंतीवरून येते, छतावरून येते, प्रत्येक वेळी किंचित उशिरा. काही ठिकाणी दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात. ती मेलेली जागा काही सेंटिमीटरांची असते. म्हणूनच टेबलावर लॅपटॉप वीतभर सरकवला की नेट सुधारल्याचा अनुभव येतो. तो भास नसतो.

या पडसादांवर उपाय शोधणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातले जॉन ओसुलिवन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होते. १९७०च्या दशकात ते स्फोट होऊन संपणाऱ्या अतिसूक्ष्म कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधत होते. असे स्फोट व्हावेत हे स्टीफन हॉकिंग यांचं भाकीत. स्फोट काही सापडले नाहीत. पण विस्कटलेला संकेत गणिताने सावरण्याची जी हातोटी या कामातून आली, ती पुढे सिडनीतल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत, सहकाऱ्यांसोबत बिनतारी जाळ्याच्या कामी आली. युक्ती अशी की सगळी माहिती एका वेगवान धारेत पाठवायची नाही, अनेक संथ धारांत वाटून एकाच वेळी पाठवायची. १९९९ साली आलेल्या ८०२.११ए या मानकात अशा ५२ धारा आहेत, आणि प्रत्येक तुकड्यापूर्वी ०.८ मायक्रोसेकंदाचा राखीव काळ, पडसाद विरण्यासाठी. तेवढ्या काळात प्रकाश २४० मीटर जातो. घरातला कुठलाही पडसाद त्याच्या आत संपतो. संस्थेला या कामाचं अमेरिकी पेटंट १९९६ साली मिळालं.

वाय-फाय ऑस्ट्रेलियाने शोधलं, असं यावरून म्हटलं जातं. ते मला जास्तीचं वाटतं. १९८५ साली अमेरिकेने काही लहरी विनापरवाना खुल्या केल्या नसत्या आणि १९९७ साली पहिलं मानक ठरलं नसतं, तर हे गणित कागदावरच राहिलं असतं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. त्याच ऑस्ट्रेलियन संस्थेशी महाराष्ट्राचंही एक नातं आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५०च्या दशकात तिथे शिकले, आणि सिडनीजवळच्या वापरात नसलेल्या ३२ छोट्या डिश भारताला भेट मिळाल्या. त्या १९६५ साली कल्याणला उभ्या राहिल्या आणि सूर्याचा वेध घेऊ लागल्या. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय दुर्बीण ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

आकाश आणि राउटर यांचा संबंध इथेच संपत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर हवामानाची रडारंही काम करतात, आणि मान रडारचा. असं चॅनेल वापरण्याआधी राउटरला किमान एक मिनिट गप्प राहून कान द्यावा लागतो; नंतरही रडारची चाहूल लागली की तात्काळ जागा सोडावी लागते. राउटर चालू केल्यावर २.४चं नाव लगेच येतं आणि ५चं मिनिटभराने, किंवा ५चं नाव मधूनच नाहीसं होतं, त्यामागे हे कारण असू शकतं. ३६ ते ४८ मधलं चॅनेल निवडलं की हा प्रश्न मिटतो.

सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी नेट मंदावतं ते वेगळ्या कारणाने. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक लॅपटॉप आधी ऐकतो, शांतता असेल तर काही मायक्रोसेकंदांची यदृच्छेने ठरवलेली वाट बघतो, मगच बोलतो. टक्कर झाली तर पुढच्या वेळी जास्त थांबतो. यदृच्छेने थांबण्याची ही कल्पना १९७१ साली हवाई बेटांवर सुरू झालेल्या अलोहानेट या बिनतारी जाळ्यापासून चालत आलेली आहे. यात एक मेख आहे: दूरच्या खोलीतलं कमी वेगाचं यंत्र तेवढाच मजकूर पाठवायला जास्त वेळ हवा अडवून ठेवतं आणि सगळ्यांनाच संथ करतं. म्हणून लांबच्या टीव्हीला शक्य असेल तर वायर द्या. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. आणि यूएसबी ३ची हार्ड डिस्क लावली की २.४चं वाय-फाय डळमळतं, असं दिसलं तर चकित होऊ नका. तिच्या वायरीतून याच पट्ट्यात गोंगाट झिरपतो.

ऐकू आलं, की ओळखीची पाळी. इथली गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते: तुमचा पासवर्ड हवेतून कधी जातच नाही. नेहमीच्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत लॅपटॉप आणि राउटर दोघेही पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन त्यावर ४०९६ वेळा तेच गणित करतात आणि आपापल्या घरी एक किल्ली तयार करतात. मग चार निरोपांची देवाणघेवाण होते, आणि किल्ली न दाखवता ती आपल्याकडे असल्याचं दोघे एकमेकांना पटवतात. राउटर बदलला, नाव जुनंच ठेवलं आणि पासवर्ड नवा दिला, तर लॅपटॉप जुनी किल्ली फिरवत बसतो. अशा वेळी ते नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडायचं. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल तर जुना लॅपटॉप बरोबर पासवर्ड देऊनही आत येणार नाही. राउटरमध्ये दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा.

पुढे पत्ता. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' दिलं की तो दिसतो. बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असतो. १६९.२५४ दिसला तर लॅपटॉपने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, आणि त्याने स्वतःच एक घेतला, असा अर्थ. तेव्हा राउटर बंद-चालू करणं हे खरोखर औषध आहे. पत्ता ठीक आहे, तर ८.८.८.८ ला 'पिंग' करून बघा. तिथून उत्तर येतं पण नावाने पान उघडत नाही, तर नावाचे आकडे सांगणारा डीएनएस अडलाय, सेटिंग्जमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा डीएनएस लिहून पाहा.

'नो इंटरनेट' हे विंडोज कसं ठरवतं, माहीत आहे? मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून ते एक इवलीशी फाइल मागवतं. तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढेच तीन शब्द असतात. ते जसेच्या तसे आले तर इंटरनेट आहे. विमानतळावर किंवा हॉटेलात त्यांच्याऐवजी लॉगिनचं पान परत येतं, म्हणून ते आपोआप समोर उघडतं. व्हीपीएन चालू असेल तर ही फाइल अडकू शकते आणि नेट चालू असूनही चिन्ह 'नाही' म्हणतं.

आणि घड्याळ. महिनोन्महिने कपाटात पडलेल्या जुन्या लॅपटॉपमधला बटण सेल संपलेला असतो आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. लॅपटॉपच्या हिशेबी ती अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर प्रत्येक पानाला 'असुरक्षित' म्हणतो. तारीख दुरुस्त केली की क्षणात सगळं उघडतं.

तेव्हा नेट गेलं की स्विचला हात लावण्याआधी त्याच वाय-फायवर मोबाइल चालतोय का ते बघा, आणि मोबाइल डेटा बंद करून बघा. मोबाइलही अडला असेल तर फायबरच्या डब्याकडे नजर टाका. त्यावर 'लॉस'चा दिवा लाल असेल तर तारेतून प्रकाशच डब्यापर्यंत पोहोचत नाही. लॅपटॉपवर काहीही करून उपयोग नाही, कंपनीला फोन करा. मोबाइल चालतो आणि लॅपटॉप अडतो, तर पत्ता, पिंगचं उत्तर आणि घड्याळ या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. तक्रार नोंदवताना किंवा दुरुस्तीच्या दुकानात "नेट चालत नाही" असं म्हणण्याऐवजी तो कागद वाचून दाखवा.