बोईसरवर १४ हजार, विरारवर ७ हजार!

पालघर जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. वाढवण बंदराजवळ मुंबईचा तिसरा विमानतळ करायचा प्रस्ताव २०२५च्या राज्य अर्थसंकल्पात आला खरा, पण तो होईपर्यंत बोईसर-तारापूरच्या पोरांनी विमान उतरवायची हौस भागवायची ती सिम्युलेटरवरच. आणि त्यासाठी त्यांचं गाव मोठं मोक्याचं आहे!

बोईसर ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटर, म्हणजे ४३ सागरी मैल. वैमानिकांचा तोंडी हिशोब असा: जितके हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला लागायचं. म्हणजे बोईसर स्टेशनावर उंची १४ हजार फूट, पालघरवर १२ हजार आणि विरारवर ७ हजार. डहाणू लोकलचा मार्ग पाठ असलेल्याला यापेक्षा सोपा नकाशा कोणता? (खऱ्या आकाशात नियंत्रण कक्ष इतकं सरळ येऊ देत नाही. २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर तर पूर्वेकडून यावं लागतं, म्हणजे ठाण्याच्या बाजूने वळसा. खेळात १४ क्रमांकाची घ्या, ती वायव्येकडून मिळते.) विरारपर्यंत वरच रमलात, तर पुढे नाक खुपसून धावपट्टीवर आदळणं आलंच.

आणखी एक गणित. विमानाचा जमिनीच्या मानाने वेग नॉटमध्ये घ्या, पाचने गुणा. १४० नॉट असेल, तर मिनिटाला ७०० फूट खाली या. धावपट्टीलगतचे चार दिवे पाहा: दोन पांढरे, दोन लाल दिसले की बेत जमला. चारही लाल? फार खाली आलात, सावरा!

शेवटचे ३० फूट मात्र गणिताचे नाहीत, नजरेचे आहेत. नवखा खेळाडू नाकासमोरच्या डांबराकडे टक लावतो आणि नाक उशिरा उचलतो. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला न्या. मग नाक जरासं उचलायचं, इंजिनांचा जोर काढून घ्यायचा. एअरबस तर २० फुटांवर तशी बोलून आठवणही करून देते. जमिनीलगत पंखांना जादा उचल मिळते, म्हणून फार ओढलंत तर विमान तरंगतच राहतं आणि धावपट्टी संपत जाते.

अलगद म्हणजेच उत्तम, हा समज तर सोडाच. ओल्या धावपट्टीवर वैमानिक मुद्दाम ठाम टेकवतात, कारण चाकांनी पाणी कापून पकड घेतली पाहिजे. पावसाळ्यातल्या धक्क्याबद्दल वैमानिकाला नावं ठेवू नका.

सिम्युलेटरचा जन्मही गमतीचा. अमेरिकेत एडविन लिंकने १९२९मध्ये वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते जोडून यंत्र केलं. पहिली गिऱ्हाइकं होती करमणुकीची उद्यानं. लष्कर आलं १९३४मध्ये.

आणि धावपट्टी आधी नीट ओळखा! २४ सप्टेंबर १९७२ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पुढे घसरत गेलं. जीवितहानी झाली नाही.

तेव्हा ५०० फुटांवर वेग, उंची किंवा धावपट्टीशी सरळ रेघ यांपैकी एकही बिनसलं, तर हट्ट न करता विमान पुन्हा वर घ्या. खरे वैमानिकही हेच करतात.