झाशीच्या ध्वनिलहरी कोणाच्या?

मे २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने एका दिवाळखोर कंपनीच्या विक्रीस मान्यता दिली. कंपनी होती रिलायन्स ब्रॉडकास्ट नेटवर्क, खरेदीदार सफायर मीडिया आणि बोली सुमारे २६१ कोटी रुपयांची. या निर्णयाने बिग एफएमची देशभरातील ५८ केंद्रे नव्या मालकाच्या हाती सोपविण्याचा मार्ग मोकळा झाला. ९२.७ मेगाहर्ट्झवरील झाशीचे केंद्र त्यांतलेच एक. झाशी आणि मालकी हे दोन शब्द शेजारी आले की मराठी माणसाला १८५४ चे खालसा प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. येथे मात्र ना कोणी दत्तकपुत्र होता, ना कोणी ‘देणार नाही’ म्हणाले. शहराच्या रोजच्या बोलण्याची चावी कोणाकडे राहील, हे कर्जदात्यांच्या समितीत मतांच्या टक्केवारीने ठरले.

दिवाळखोरी संहितेचा हेतू वसुलीचा आणि उद्योग जिवंत ठेवण्याचा आहे. योजना व्यवहार्य आहे काय, देणेकऱ्यांना किती मिळणार, ६६ टक्के मते पडली काय, हे तिचे प्रश्न. पोलाद कारखान्याला ते पुरेसे आहेत. पण ज्या ध्वनिलहरींना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सार्वजनिक मालमत्ता ठरविले, त्यांच्यावर बोलण्याचा हक्क हस्तांतरित होताना ‘तेथून काय बोलले जाईल’ हा प्रश्न कोणत्याही रकान्यात बसत नाही. भागभांडवलातील बदलाला माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते हे खरे. पण ती प्रामुख्याने पात्रता, थकबाकी आणि मर्यादा तपासणारी परवानगी आहे.

हीच केंद्रे त्याआधी एकदा जवळजवळ विकली गेली होती. २०१९ च्या मे महिन्यात रेडिओ सिटी चालविणाऱ्या म्युझिक ब्रॉडकास्टने १,०५० कोटी रुपयांच्या मूल्यांकनावर बिग एफएम घेण्याचे जाहीर केले. ही कंपनी जागरण समूहाची, आणि ‘दैनिक जागरण’चा जन्म १९४२ मधला, झाशीचाच. पुढे कानपूरला गेलेला हा वृत्तसमूह आपल्या जन्मगावचा रेडिओही घेऊ पाहत होता. सरकारी मंजुरी मुदतीत न मिळाल्याने २०२० मध्ये तो व्यवहार बारगळला. वृत्तपत्र आणि रेडिओ एकाच हाती असावेत काय, हा वाद त्याबरोबरच मिटला. वास्तविक दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, माध्यमांच्या मालकीविषयी सविस्तर शिफारशी २०१४ मध्येच केल्या होत्या. त्यांचा कायदा झाला नाही. १,०५० कोटींची मालमत्ता पाच वर्षांत २६१ कोटींवर आली, ही घसरण व्यापारी पानांनी नोंदविली. तिची राजकीय बाजू नोंदविण्याचे कारण कोणाला दिसले नाही.

बोलक्या रेडिओला भारतात मुळात राजकारण बोलण्याची परवानगीच नाही, हे त्यामागचे मोठे कारण. खासगी एफएमच्या २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात बातम्या आणि चालू घडामोडी पूर्ण वर्ज्य होत्या. जुलै २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुन्हा ऐकविण्याची मुभा दिली. ती प्रत्यक्षात जानेवारी २०१९ मध्ये उतरली. शिवाय काही विषय ‘बातमी नव्हे’ असे ठरवून मोकळे केले गेले. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, प्रवेश, रोजगाराच्या संधी आणि स्थानिक प्रशासनाने पुरविलेली वीज-पाण्याची सूचना हे त्यांतले काही.

ही यादी झाशीसारख्या शहरात वाचली की तिचा अर्थ उमगतो. बुंदेलखंड हा पाण्याच्या टंचाईचा आणि स्थलांतराचा प्रदेश. तेथील निवेदक ‘आज अमुक मोहल्ल्यात पाणी येणार नाही’ एवढे निर्धोकपणे सांगू शकतो. पाणी का येणार नाही, टँकर कोणाच्या दारी थांबतो, योजनेचे काय झाले, हे विचारले की तो चालू घडामोडींच्या हद्दीत शिरतो. त्याच शहरात शेकडो दूरचित्रवाहिन्या दिवसभर राजकारण ओरडत असतात आणि वर्तमानपत्रे हवे ते छापतात. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये ही विसंगती सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमना दर तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. दहा मिनिटे म्हणजे फार नव्हेत. पण जिल्हा परिषद आणि नगर निगम यांच्या कारभारासाठी पुष्कळ झाली.

बातमी वजा केल्यावर उरतात गाणी, जाहिराती आणि गप्पा. गप्पा कोठून मारायच्या, हे खर्चाचे गणित ठरविते. दुसऱ्या टप्प्यात एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवरून ऐकविण्याची सोय केवळ छोट्या शहरांपुरती आणि एका विभागापुरती होती. २०११ च्या धोरणाने कंपनीच्या देशभरातील साऱ्या केंद्रांना ती खुली केली. कागदावर हे एक वाक्य आहे. झाशीसाठी मालकबदलापेक्षा ते अधिक निर्णायक ठरावे असे आहे. मुंबईत एकदा ध्वनिमुद्रित झालेला तास पन्नास गावांत वाजू शकत असेल, तर गावातल्या निवेदकाला त्या तासाचा पगार कोण देईल? नवा मालक कर्जाचा डोंगर सारून आत येतो तेव्हा तो प्रथम हेच गणित मांडतो. त्यात दुष्टपणा काही नाही. धोरणानेच दार उघडून ठेवले आहे.

अशा सामायिक कार्यक्रमांत काही सुंदर होते, हेही मान्य केले पाहिजे. बिग एफएमच्या हिंदी जाळ्यावर नीलेश मिश्रा यांचे ‘यादों का इडियट बॉक्स’ आणि अन्नू कपूर यांचे ‘सुहाना सफर’ अफाट ऐकले गेले. मिश्रांच्या गोष्टी ‘याद शहर’ नावाच्या कल्पित गावात घडत. महानगरात गेलेल्या माणसाच्या मनातले छोटे शहर त्यांनी नेमके पकडले होते. मात्र खऱ्याखुऱ्या छोट्या शहरांना कल्पित छोट्या शहराच्या गोष्टी महानगरातून ऐकविल्या जाव्यात, यातली गंमत नजरेआड करण्याजोगी नाही. बुंदेली आणि प्रमाण हिंदी यांतले अंतर वऱ्हाडी आणि पुस्तकी मराठी यांतल्या अंतराहून कमी नाही. जाळ्याचा कार्यक्रम स्वभावतःच सर्वांना समजेल अशी भाषा निवडतो, आणि पहिला बळी बोलीचा जातो.

अमेरिकेत हा प्रवास आधी झाला. तेथे दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९८७ मध्ये उठले, पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर वाजू लागला, आणि १९९६ च्या दूरसंचार कायद्याने मालकीची राष्ट्रीय मर्यादा काढून टाकली. क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे जमा झाली. जानेवारी २००२ मध्ये नॉर्थ डाकोटातील माइनॉट गावाजवळ मालगाडी घसरून विषारी अमोनिया पसरला, तेव्हा गावातली सहाही व्यापारी रेडिओ केंद्रे याच कंपनीची होती. पोलिसांना वेळेवर इशारा प्रसारित करता आला नाही. दोष केंद्रात माणूस नसण्याचा की इशारा-यंत्रणा न चालण्याचा, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण मध्यरात्री गावाला बोलणारा आवाज हवा होता आणि तो मिळाला नाही, याबद्दल वाद नव्हता. भारताने या मार्गातला राजकीय कल्लोळ टाळला, एकत्रीकरण मात्र उचलले. एका कंपनीकडे देशातील १५ टक्क्यांहून अधिक वाहिन्या नसाव्यात, ही मर्यादाही ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द झाली.

मग पर्याय काय? झाशीपासून अर्ध्या तासावर ओरछा आहे. तेथे ‘डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हज’ या संस्थेने २००८ मध्ये ‘रेडिओ बुंदेलखंड’ सुरू केले. सामुदायिक रेडिओचा परवाना विकता येत नाही, त्यामुळे मालकबदलाची टांगती तलवार नाही. बुंदेलीत बोलणे हाच तिथला नियम. ‘बुंदेली आयडॉल’सारखी गायनस्पर्धा आणि हवामानबदलावरील ‘शुभ कल’ त्यातूनच आले. अडचण अशी की शंभर वॅटचा प्रक्षेपक गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतो, साऱ्या झाशी शहराला तो पुरत नाही. आणि बातमीची बंदी त्यालाही आहेच. आकाशवाणीचे झाशी केंद्र सरकारी, म्हणून सुरक्षित असे म्हणावे तर पुण्याचा अनुभव ताजा आहे. जून २०२३ मध्ये तेथील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय प्रसार भारतीने घेतला आणि गदारोळानंतर तो थांबवावा लागला. पुण्यात ओरडायला वृत्तपत्रे होती, पुढारी होते. छोट्या केंद्राची अर्धा तास वेळ कापली गेली तर कोण ओरडणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतील स्थानिक आशयाला त्यातून चालना मिळेल असे सांगितले. ती चालना लिलावाच्या रकमेतून आपोआप निघत नाही, हे झाशीच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात आलेल्या जुन्या केंद्रांचे पंधरा वर्षांचे परवाने एप्रिल २०१५ पासून मोजले गेले आहेत. म्हणजे २०३० मध्ये त्यांच्या फायली पुन्हा शास्त्री भवनात येतील. त्या फायलीत केंद्राचा वार्षिक महसूल असेल, शुल्क असेल, भागधारकांची नावे असतील. झाशीतून झाशीशी दिवसाचे किती तास बोलले गेले, हा रकाना त्यात घालण्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. परवान्याच्या अटींत एक ओळ पुरे.